बेटाच्या राखणदाराला गाऱ्हाणं

ग्रेनाडा हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते इथे आखातात, नजमा नावाच्या आमच्या वस्तीतल्या एका कॅफेटेरियात, कडक चहा पिताना. सांगणारा वसईचा होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. इथल्या एका इस्पितळाच्या खरेदी विभागात काम करायचा. त्याआधी काही वर्षं तो प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात होता आणि त्याचं जहाज कॅरिबियनमधल्या या लहानशा बेटाला लागायचं. तिथे एका कोळ्याशी त्याची ओळख झाली होती. ती त्याने फोनवरून, नाताळाच्या शुभेच्छांवरून, टिकवून ठेवली होती.

तो म्हणाला, तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर कुपा, म्हणजे ट्यूना मासा, भरपूर लागतो, पण त्या गावात बर्फ पुरत नाही. लांबून आणावा लागतो. बर्फ वेळेवर आला नाही तर मासा मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. मी वेंगुर्ल्याकडचा. बर्फावाचून बंदराची काय अवस्था होते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय मी आयुष्यभर थंडीचाच धंदा केला आहे. इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीचं वर्कशॉप आहे, तिथे मी फोरमन. शीतगृहं, मोठे फ्रीजर, एसीचे प्लांट, सगळं दुरुस्त करतो.

"दादा, मशीन तुमचं, बाजार माझा," तो म्हणाला. "दोघं मिळून बर्फाचा कारखाना टाकू."

मी हसलो. मग त्याने सांगितलं की तिथे घरोघरी जायफळाची झाडं आहेत. आमच्या परसात दोन जायफळं आहेत, माझ्या वडिलांनी लावलेली. का कोण जाणे, त्या जायफळांनी मला खेचलं. जगाच्या दुसऱ्या बाजूच्या समुद्रातलं एक बेट मला एकदम आमच्या वाडीच्या पलीकडच्या खाडीएवढं जवळ वाटायला लागलं.

पुढचे काही महिने दर शुक्रवारी तो आमच्या खोलीवर यायचा. आम्ही खोलीत सहाजण. कोकणातले बरेच आणि एक ट्रेलरचा ड्रायव्हर मराठवाड्याचा. कॉम्प्रेसर ज्या खोक्यातून येतो त्याचा पुठ्ठा फाडून मी त्यावर शेडचा आराखडा काढला. मिठाच्या पाण्याची टाकी इथे, बर्फाच्या लाद्यांचे डबे इथे, खारा वारा ज्या दिशेने येतो तिकडे भिंत, कारण तो वारा कॉइल खाऊन टाकतो. वसईकर प्रत्येक रेघेबद्दल विचारायचा आणि मी सांगायचो. तिथल्या कोळ्याला त्याने स्थानिक भागीदार केलं, नोंदणीचे कागद तयार केले, बंदराजवळ शेड भाड्याने घेतली. माझ्या बचतीतला हिस्सा मी दिला. ठरलं असं होतं की आधी तो जाईल, सामान पोचलं की मी नोकरी सोडून जाईन आणि प्लांट उभा करून देईन. निदान दोन वर्षं तिथे राहीन.

आमचा ड्रायव्हर जेवताना चिडवायचा. "तिकडं बर्फ कशाला इकायलाव दादा? इथंच इका की. उन्हाळा तर बारमाही हाय." आणि मग भाकरीचा तुकडा मोडत, "जायचंच असलं तर आमाला बी न्या. समुद्रावर ट्रेलर चालवीन मी."

वर्कशॉपमधली पोरं मला शेठ म्हणायला लागली. मला ते आवडत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण आवडत होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या कंपनीची थंडी सांभाळली, कोणी मला मालक म्हटलं नव्हतं.

बायकोला मी उशिरानेच सांगितलं. ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "थंयसून फोन लागता?"

मी म्हटलं, लागतो. ती म्हणाली बरं, आणि मग गाईच्या औषधाबद्दल बोलायला लागली.

मी कधी येणार हे तिने विचारणं कधीच सोडून दिलं होतं. आता तिला माझ्याकडून फक्त फोन लागण्याची हमी हवी होती. फोन ठेवला तेव्हाच मला कळलं की मी त्या बेटावर जाणार नाही. आता कुठे जायचं असेल तर घरी.

हे मी वसईकराला त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तो शुक्रवारी आला, मी पुठ्ठा काढला, गटाराचा उतार कसा द्यायचा ते समजावलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. दरवेळी ठरवायचो की चहा झाला की सांगू, आणि चहा झाला की तो म्हणायचा, "पार्टनर, अजून एक विचारायचं राहिलं." मग मी सांगत बसायचो. एका शुक्रवारी त्याने येऊन सांगितलं की त्याने राजीनामा दिला. मी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

आता गाऱ्हाण्याबद्दल. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर घरातला किंवा गावातला वडील माणूस नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. मंत्र नसतात, आपल्याच बोलीत देवाला सगळं सांगायचं असतं. कोण आहे, कुठून आला, काय करू पाहतो, त्याला काय हवं. गावचे देव, शिवेवरचे राखणदार, सगळ्यांना हाक मारायची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." खोलीत वयाने मोठा मी, म्हणून नजम्यातली गाऱ्हाणी माझ्याकडे आली. कोणी कायमचं घरी चाललं, कोणाचं घर गावी बांधायला निघालं, की फ्रीजवर ठेवलेल्या देवाच्या फोटोपुढे मी नारळ घेऊन उभा राहायचो. एकदा वसईकर अशा वेळी हजर होता. तो चर्चमध्ये नेमाने जाणारा माणूस, पण त्याला ते फार आवडलं होतं. म्हणाला, देवाला पत्त्यासकट सांगता तुम्ही, बरं आहे, घोळ होत नाही.

म्हणून निघण्याआधीच्या शुक्रवारी तो सकाळीच आला. चर्चमधून परस्पर, इस्त्रीच्या शर्टात; इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारीच. एशियन टाउनच्या बाजारातून नारळ आणि पानं आणली होती. "दादा, बेटाच्या धंद्याचं गाऱ्हाणं घाला. तिथल्या राखणदारालाही हाक मारा. परक्या हद्दीत चाललोय."

खोलीतले सगळे आंघोळी करून जमले. ड्रायव्हरने डोक्यावर रुमाल बांधला. मी नारळ घेतला आणि सुरुवात केली. आमच्या ग्रामदेवतेला हाक मारली, वसईकराच्या देवाला मारली, सात समुद्रांना मारली, मग त्या बेटाच्या राखणदाराला. ज्याचं नाव मला ठाऊक नाही, तू जो कोण आहेस तो, अशी. पाचजण आणि वसईकर एका सुरात म्हणत होते, व्हय म्हाराजा. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग धंद्यातल्या माणसांची ओळख द्यायची वेळ आली. त्याची दिली. घरी बायको आहे, दोन मुलं आहेत, नोकरी सोडून चालला आहे, त्याला यश दे.

व्हय म्हाराजा.

आता माझी पाळी होती. गाऱ्हाण्यात एक गोष्ट असते. तिथे माणसांशी बोलत नसतो आपण, त्यामुळे गोड बोलण्याची सवय कामाला येत नाही. माणसांशी मी कित्येक शुक्रवार खोटं बोललो होतो. पण नारळ हातात धरून, मीही याच्या मागोमाग येतो आहे, मलाही सांभाळ, हे वाक्य तोंडातून निघेना. आणि मग म्हणालो,

"बा म्हाराजा, माझ्या मनात खोट आसा. मी थंय जावचंय नाय. ह्या माणसाक सांगूचो माका धीर झालो नाय, रे म्हाराजा."

आणि सगळे सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

वसईकरही म्हणाला.

ड्रायव्हर हळूच शेजारच्याला म्हणाला, "आरं, ह्याला कामून व्हय म्हणलो आपण?" कोणी हसलं नाही.

मी मागे वळून बघितलं नाही. वसईकराचा आवाज आला, अगदी साधा. "दादा, नारळ हातात आहे तुमच्या. आधी पुरं करा."

मी पुरं केलं. शेवटी नेहमीचं वाक्य असतं, काय चुकलं माकलं असेल तर लेकराचं पोटात घाल. ते म्हटलं. त्यावर व्हय म्हणणारे आवाज कमी होते. कोणाचा नव्हता ते मला पाठीनेच कळलं.

नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. त्याने तुकडा घेतला, पण हातातच ठेवला. खाटेच्या कडेला बसून विचारलं, "कधी ठरलं तुमचं?"

"बरेच दिवस झाले."

"मी राजीनामा देण्याआधी, की नंतर?"

मला वाटतं माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढा छोटा प्रश्न कोणी विचारला नसेल. नंतर म्हणालो असतो तर चाललं असतं. कोणाला कळलं नसतं.

"आधी," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. खोबऱ्याचा तुकडा खिशातल्या रुमालात बांधून घेतला आणि गेला.

मला वाटलं, संपलं. माझा हिस्सा परत मागायचा प्रश्न नव्हता, तो मी त्याच्यासाठीच सोडून दिला होता. तसं फोनवर सांगितलंही. तो म्हणाला, "पैसे राहू देत दादा. पैशाने बर्फ होत नाही."

दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपच्या दारात उभा होता. अंगावर जुनी पँट, कोणाचे तरी मागून आणलेले सेफ्टी शूज. त्याने तिकीट पुढे ढकललं होतं. व्हिसा रद्द व्हायला जी मुदत उरली होती ती सगळी त्याने माझ्याकडे मागितली. "यल्ला, चला, शिकवा," एवढंच बोलला. मी साहेबांची परवानगी काढली. जुन्या प्लांटवर त्याला गॅस भरायला, गळती शोधायला, तेल बघायला, मिठाच्या पाण्याचं प्रमाण ठेवायला शिकवलं. खरेदी विभागात बसून मऊ झालेले त्याचे हात आठवड्याभरात चिरले. जहाजावरच्या स्वयंपाकघरातली चिकाटी मात्र त्याच्यात शिल्लक होती. कामापुरतं बोलायचा. पार्टनर म्हणायचं त्याने थांबवलं होतं, दादाच म्हणायचा. ते मला जास्त लागायचं.

तो गेला. तिथे त्याला गावातला एक मोटारींचा मेकॅनिक मिळाला. त्याला हाताशी धरून, माझा पुठ्ठा भिंतीला टांगून, त्याने प्लांट उभा केला. मी असतो तर जे काम काही आठवड्यांत झालं असतं त्याला कितीतरी पट वेळ लागला. कुप्याचा एक हंगाम बर्फावाचून गेला. वसईला त्याच्या बायकोने तो काळ कसा काढला हे त्याने मला कधी सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. चाचणी घेताना अधूनमधून त्याचा फोन यायचा. हॅलो न म्हणता तो फोन कॉम्प्रेसरजवळ धरायचा. मी ऐकायचो आणि सांगायचो, तेल कमी आहे, किंवा पंप हवा ओढतोय. तो इथल्यासारखे अरबीत आभार मानायचा, शुक्रन दादा, आणि ठेवायचा. मी इकडे रिकामा फोन कानाला लावून थोडा वेळ बसायचो.

आणि मी? घरी जायचं म्हणून मी बेटावर गेलो नाही. पण घरीही अजून गेलेलो नाही. कंपनीने करार वाढवला, मी सही केली. बायकोला सांगितलं, एवढं वर्ष. ती म्हणाली, बरं.

मागच्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी जेवण झाल्यावर त्याचा फोन आला. आमच्याकडे दुपार, तिकडे नुकतीच सकाळ. या वेळी व्हिडिओ होता. शेडबाहेर फळीवर बर्फाची पहिली लादी ठेवलेली होती. काचेसारखी स्वच्छ, मधे थोडीशी पांढरी. तिच्याभोवती पाचसात कोळी उभे होते, त्यांच्यात त्याचा तो जुना मित्रही. मागे होड्या आणि समुद्र.

"दादा," तो म्हणाला, "अजून विकली नाही. आधी गाऱ्हाणं घाला."

खोलीतले उठून बसले. नारळ नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "असू द्या हो, नारळ तिकडं हायेत, झाडालाच." वसईकराच्या हातात खरंच एक होता.

मी उभा राहिलो. देवांना हाका मारल्या. बेटाच्या राखणदाराला मारली, या वेळी थोड्या ओळखीने. दर वाक्याला खोलीतले व्हय म्हाराजा म्हणायचे आणि त्यांच्या मागून, अंतरामुळे जरा उशिराने, तिकडून त्याचा एकट्याचा आवाज यायचा. मी सगळं सांगितलं. हा माणूस एकट्याने इथे आला, एकट्याने हे उभं केलं, याच्या बर्फाला गिऱ्हाईक दे, याच्या बायकामुलांना सुख दे. माझं काही मागितलं नाही.

मग शेवटचं वाक्य आलं. "काय चुकला माकला आसात, तर पोटात घाल रे म्हाराजा."

खोलीतले म्हणाले. मी फोनकडे बघत थांबलो. पडद्यावर तो लादीवर हात ठेवून उभा होता. ओठ हलत नव्हते. तिकडचा वारा फोनमध्ये घुमत होता. व्हिडिओ अडकला असेल असं मी स्वतःला सांगत होतो.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

आणि मग त्याने नारळ फोडला.