वाटी बुडायच्या आत

दौडूभाऊला चालता म्हणून येत नसे. चार पावलं टाकली की पाचवं आपोआप धावेचं पडायचं. वरातीतसुद्धा हा बाबा नवरदेवाच्या पुढे निघून जाई आणि मग मागे वळून ताटकळत उभा राही. उभा जन्म पोंभुर्ण्याच्या जंगलवाटेने डाकेची थैली घेऊन धावलेला हरकारा तो. त्याला दुसरी चाल ठाऊकच नव्हती.

पन्नास सालानंतर त्या रस्त्याला मोटार लागली, डाक मोटारीतून जाऊ लागली आणि दौडूभाऊ घरी बसला. बसला कसला! "मोटार आली म्हनून माहे पाय मेले का?" असं येईल-जाईल त्याला विचारायचा. मी तेव्हा तिथल्या जंगल नाक्यावर नाकेदार होतो. माझ्या दारातच मैलाचा दगड. तिथून चौथ्या फर्लांगापर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे पुरा मैल, असा त्याने रोज सकाळी सपाटा लावला.

घड्याळ कोणाकडे होतं? ब्रह्मपुरीच्या तांबटाकडून त्याने लग्नातल्या घटिकापात्रासारखी, बुडाला बारीक छेद असलेली वाटी करून घेतली. पाण्यावर सोडली की हळूहळू भरे आणि बुडे. तांबट कसबी. नाक्यावर मुक्काम ठोकून त्याने दौडूभाऊची सगळ्यात चांगली धाव आणि वाटीचं बुडणं बरोबर जुळवून दिलं. तशीच एक जोडवाटीही केली, ती माझ्या पेटीत पडून राहिली. आता दौडूभाऊला एकच ध्यास. आपल्याच त्या धावेला हरवायचं, वाटी बुडायच्या आत दगड शिवायचा.

त्याची बायको, आमची वहिनी, माझ्या दारात दगडाशेजारी घंगाळात वाटी सोडून बसे. तिचा जीव टांगणीला, कारण नवऱ्याच्या छातीत कळा येऊ लागल्या होत्या. त्याने शब्द दिला होता, "एकडाव वाटीच्या आंधी आलो का दौड बंद." म्हणून बिचारीने एकदा छेदात मेण भरलं. दौडूभाऊ आला, तरंगती वाटी पाहून लहान पोरासारखा नाचला. मग त्याने वाटी उचलून पालथी केली आणि बुडाचं मेण दिसलं. तो संताप मी जन्मात विसरणार नाही. "फुकटचं जितनं मले नाई पायजे!" दोन दिवस जेवला नाही गृहस्थ.

त्या दिवसापासून धावण्याआधी तो स्वतः दाभण घेई आणि छेद कोरून साफ करी. मी चेष्टा करायचो, "अरे, बायको आहे का दरोडेखोर?" त्यावर तो हसत नसे.

आणि तो हरतच गेला. आधी वाटी बुडे तेव्हा तो दगडाशी येऊन ठेपलेला असे. पुढे पुढे अंतर वाढलं, शेवटी तर तो जेमतेम दगडाच्या अलीकडच्या मोहाच्या झाडापाशी असायचा. "बुढा झालो गा," म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी अधिक जोरात सुटायचा. ओठ निळे पडत. मी भांडलो, वहिनीने पाय धरले. ऐकेल तर तो दौडूभाऊ कसला!

मोहफुलं गळायचे दिवस होते. वहिनी "बुडाली!" म्हणून ओरडली तेव्हा तो झाडापाशी होता. एरवी हरला तरी येऊन दगड शिवायचा. त्या दिवशी तिथेच बसला. आम्ही धावत पोचलो तोवर आडवा झाला होता. "हारलो, नाकेदार," म्हणाला आणि संपला.

तेरवीनंतर वहिनी वाटी घेऊन आली. "कोनाले बी देऊन टाका, भाऊ. घरात नोको." मला जोडवाटी आठवली. काय वाटलं कोण जाणे, दोन्ही एकदम घंगाळात सोडल्या. त्याची झरझर भरून बुडाली, माझी तरंगत राहिली. छेद निरखून पाहिला. दाभणाने कोरून कोरून चांगला रुंदावला होता. मला माझाच राग आला, तांबटाचा आला, त्या मेलेल्या माणसाचाही आला.

वहिनी तडक उठली. मोहाच्या झाडापाशी जाऊन उभी राहिली. "पुन्हा सोडा," तिथून म्हणाली. त्याची वाटी बुडताच मी हात वर केला. जन्मात कधी न धावलेली ती बाई लुगडं आवरून धावत सुटली, ठेचकाळली, येऊन दगडाला टेकली. दुसरी वाटी अजून पाण्यावर होती.

"थे तं जितून राह्यले होते, भाऊ," ती धापा टाकत म्हणाली. "अन् मी वरडून राह्यली होती, बुडाली म्हनून."

मग ती वाटीही बुडाली. कोणीच ओरडलं नाही.