नॉर्मल रिपोर्टवाली आक्का

सांगलीपासून साताऱ्यापर्यंत दवाखान्यांची जेवढी म्हणून बाकडी आहेत, त्या सगळ्यांवर बसून आलेली बाई एकच, आणि ती म्हणजे माझी आतेबहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कुंडलला दिलेली. घरची हळद, घरचा ऊस, दाजी मितभाषी आणि त्यांच्या वाटणीचंही बोलणाऱ्या सासूबाई. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो, कॉलेजात शिकवतो आणि माझ्याकडे स्कूटर आहे, एवढ्या पात्रतेवर आक्कानं मला आपल्या दुखण्याचा कायमचा सोबती नेमलं. नऊ वर्षं तिचं ओटीपोट दुखत होतं. महिन्याचे ते चार दिवस आले की कळा सुरू, पोट फुगून टम्म, कधी जुलाब तर कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. आणि पुढं पुढं ते दिवस सरले तरी कळ सरेना. अशा अवस्थेत दुसरं कुणी असतं तर अंथरुणाला खिळलं असतं. आक्का पहाटेच्या एसटीनं सांगलीला यायची आणि स्टँडवर मला बघून पहिलं वाक्य म्हणायची, "चल रं, आज नवा डॉक्टर हाय."

नव्या डॉक्टरकडे आक्का पाहुण्यांच्या घरी मुलगी बघायला जावं तशी जायची. डॉक्टरला पारखून घ्यायची. तो मान वर करून बघतो का, बोलणं मधेच तोडतो का, हे ती पहिल्या दोन मिनिटांत ताडायची आणि बाहेर आल्यावर मला निकाल सांगायची. "ह्यानं माझं नाव विचारायच्या आधीच गोळी लिहिली. पास न्हाई." एकदा एका प्रौढ डॉक्टरांनी विचारलं, "थोडं दुखतं की जास्त?" आक्का खुर्चीत सावरून बसली. "डॉक्टर, तुमी थोडं म्हंजे किती धरता, ते आधी सांगा. माझं थोडं म्हंजे उसाची मोळी बांधताना दोरी आवळत्यात तसं. जास्त म्हंजे ती मोळी मीच हाय असं." डॉक्टरांनी 'मध्यम' लिहिलं. दुसऱ्या एकानं सगळं ऐकून सांगितलं, की हा मनाचा आजार आहे, कामात मन रमवत जा. "काल अर्धा एकर हळद भांगलून आलोय," आक्का म्हणाली, "आता आणखी कुठं रमवू?"

तिची फाईल हा एक वेगळाच प्रकार होता. प्लास्टिकच्या पिशव्या टिकत नाहीत म्हणून तिनं हळदीच्या पोत्याच्या कापडाची पिशवी शिवली होती. त्यामुळे सोनोग्राफीपासून रक्त-लघवीपर्यंतचे सगळे रिपोर्ट कडेनं पिवळे झाले होते आणि ते चाळणाऱ्या डॉक्टरांची बोटंही पिवळी व्हायची. सगळ्या रिपोर्टांवर एकच शब्द असायचा, नॉर्मल. पोटविकाराच्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही साताऱ्यालाही जाऊन आलो. त्यांनी नळी घालून पोट आतून बघितलं आणि हसून म्हणाले, "रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे ताई, आनंदानं घरी जा." आक्का उठलीच नाही. म्हणाली, "रिपोर्टाला पाठवा घरी आनंदानं. मी हितंच बसतो." शेवटी त्यांनी गॅसचं आणखी एक औषध लिहून दिलं, तेव्हा कुठं ती हलली.

बाकड्यावर बसल्या बसल्या तर तिचा स्वतंत्र दवाखानाच चालायचा. शेजारणीला काय होतंय, कधीपासून होतंय, घरचे काय म्हणतात, हे सगळं तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. तासाभरापासून गुडघ्याला हात लावून बसलेल्या एका आजोबांना तिनं विचारून विचारून बोलतं केलं, तेव्हा कळलं, की ते हाडांच्या डॉक्टरकडे म्हणून बायकांच्या डॉक्टरच्या रांगेत बसलेत. आक्का स्वतः त्यांना हाताला धरून वरच्या मजल्यावर सोडून आली, आणि तेवढ्यात आमचा नंबर गेला. मी चिडलो. "आवं, त्यांचं दुखणं दिसतं तरी," ती मला उगाचच अहोजाहो करत म्हणाली, "त्यांचं तरी आज भागू दे."

खाण्याच्या बाबतीत ती सगळ्यांचं ऐकायची आणि पूर्ण महिनाभर पाळायची. कुणी म्हणालं वांगं सोड, सोडलं. हरभरा डाळ सोड, सोडली. दूध, शेंगदाणे, मिरची, चहा सगळं एकेक महिना सोडून बघितलं. एका दिवाळीला मी गेलो, तर ही ताटात मऊ भात घेऊन बसलेली आणि आमच्या पानात वाढलेल्या पोळीकडं डोळे भरून बघत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "बघायचं सोड असं अजून कुणी सांगितलेलं न्हाई."

पण तिच्या विनोदाला एक जागा दुखरी होती. लग्नाला एवढी वर्षं होऊन मूल नव्हतं आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगून वर यायचं. हळदीकुंकवात एका बाईनं सगळ्यांसमोर तिच्या पोटाकडं बघत विचारलं, "कितवा गं?" आक्का तोंडावरची रेघ न हलवता म्हणाली, "अकरावा. म्हशीचं बी एव्हाना उरकलं असतं." बायका हसल्या. ही गोष्ट तिनं मला स्कूटरवर मागं बसून सांगितली, मीही मोठ्यानं हसलो, आणि मग मागून तिनं माझा खांदा घट्ट धरला. आरशात बघायचं धाडस मला झालं नाही. घरी सासूबाईंचं वेगळं चालायचं. "आमच्या टायमाला न्हवतं बाई असलं काय. चार दिवस बसायचं, उठायचं, कामाला लागायचं." दाजी मात्र आक्का सांगलीला निघाली, की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवायचे.

पोटाचा डॉक्टर तिला बायकांच्या डॉक्टरकडे धाडायचा आणि बायकांची डॉक्टर पोटाच्या डॉक्टरकडे. एके दिवशी रिक्षास्टँडवर ती उद्वेगानं म्हणाली, "माझ्या पोटात ह्या दोन जागांमधी एका वितीचं अंतर न्हाई, आणि ह्या दोघांच्या दवाखान्यात तीन किलोमीटर." त्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं. पाळीच्या दिवसाला लाल टिकली, कळ आली की फुली, पोट बिघडलं की गोल. वर्षभर एक दिवस चुकवला नाही. मग ती बारा पानं घेऊन आम्ही सांगलीतल्या एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढ्या दिसत होत्या. आक्कानं बारा पानं त्यांच्या टेबलावर पसरली. बाईंनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला, जानेवारीपासून सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत बोटानं वाचत गेल्या. लाल टिकल्यांभोवती गोल आणि फुल्या दाटीनं जमल्या होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं का? आतून ओढल्यासारखं?"

नऊ वर्षांत हा प्रश्न आक्काला कुणी विचारला नव्हता, आणि तिलाही ते आपणहून सांगायचं सुचलं नव्हतं. तिनं मान डोलावली आणि पदर तोंडाला लावला.

पुढं मोठ्या मशीनमध्ये फोटो झाले, मग दुर्बिणीनं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच तुमचं बाहेर, आतड्यावर वाढलं होतं. दर महिन्याला ते सुजायचं आणि आतड्याला धरून ओढायचं. जमेल तेवढं काढलंय. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात." आक्कानं मला ते नाव कागदावर लिहायला लावलं, पाचदा मोठ्यानं म्हटलं आणि दाजींकडून म्हणवून घेतलं. मग तिनं घरी सासूबाईंना फोन लावून स्पीकर सुरू केला; सासूला ती आत्याच म्हणते. "डॉक्टर, हेच आमच्या आत्याबाईंना सांगा. माझ्यावर विश्वास न्हाई त्यांचा." तिच्या डोळ्यांत नऊ वर्षांचा खटला जिंकल्याची चमक होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा शांतपणे सांगितलं. फोन कट झाला असं वाटून आक्कानं "हॅलो, हॅलो" केलं. तेव्हा सासूबाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "बाई, मला बी असंच व्हायचं. परसाकडं जायची भीती वाटायची त्या दिवसांत. तीस-पस्तीस वर्सं व्हतं. सगळ्याच बायांना हुतंय असं वाटलं मला." आक्काच्या चेहऱ्यावरची चमक बघता बघता विझली. तिनं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून एवढंच म्हणाली, "आत्या, जेवलासा का?"

त्याला आता तीन वर्षं झाली. मूल झालं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला खोटी आशाही दाखवली नाही. दुखणं पुरतं गेलं नाही. महिन्यातले काही दिवस अजून वाईट जातात. पण बाकीचे दिवस तिचे आहेत. शेजारपाजारच्या पोरी-बायकांना ती एसटीत घालून सांगलीला आणते, आणि कुणाची सासू आडवी आली, तर तिच्याशी बोलायला आपल्या सासूबाईंना पुढं करते. या कामात त्या दोघींचा हात धरणारं मला तरी कुणी दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात भर दुपारी तिचा फोन आला. मी वर्गातून बाहेर येऊन घाबरून विचारलं, "काय झालं आक्का?"

"काय न्हाई रं. आज अजिबात दुखत न्हाई."

"मग फोन कशाला केलास?"

"हातातलं काम बी सपलं. आत्या झोपल्यात. दुखत नसलं, की माणसं दुपारची काय करत्यात, ते इचारावं म्हटलं."

पलीकडून पाखरांचा आवाज येत होता. मी व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसलो आणि आम्ही दोघंही तो ऐकत राहिलो.