हवेतली कात्री

माझं शिवणकामाचं दुकान आणि माझ्या दोस्ताचं, दादाचं सलून यांच्यात एकच भिंत. दिवसभर त्या भिंतीपलीकडून दोन आवाज यायचे, दादाच्या तोंडाचा आणि त्याच्या कात्रीचा. डोक्यावरून उचलली तरी ती कात्री हवेत चालूच. मी म्हणायचो, "अरे, हवेचे केस किती कापशील?" तो म्हणायचा, "शिंपीबुवा, ती थांबली की मला गुदमरतं."

मग एकदा सलूनचं शटर त्याच्या उजव्या हातावर कोसळलं. कोपराखाली थोडा भाग उरला, बाकी हात गेला. दोन्ही आवाज बंद झाले. मला ती शांतता खायला उठायची.

दादाला धंदा शिकवला तो त्याच्या वडिलांनी, आबांनी. आबांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांची दाढी दादाच करायचा. अपघातानंतर त्याने डाव्या हाताने करून पाहिली. पण हनुवटी सावरायला, कातडी ताणून धरायला दुसरा हात नको का? वस्तरा लागला, रक्त आलं. दादाने पुन्हा वस्तरा उचलला नाही आणि आबांनी दुसऱ्या कुणाला गाल दिला नाही. दाढी छातीला टेकली. म्हातारा हट्टी, पोरगा त्याहून हट्टी.

पुनर्वसन केंद्रात यंत्राचा हात मिळणार होता, पण आधी परीक्षा द्यायची होती. सोबत मीच जायचो. तिथल्या प्रशिक्षक बाई दादाच्या उरलेल्या हाताला सेन्सरचा पट्टा बांधायच्या. पंजा नसला तरी मूठ वळायला गेलं की तिथले स्नायू आवळतात, आणि पट्टा ते ओळखतो. डोळ्यांवर तो जाडजूड व्हीआरचा चष्मा चढवला की दादाला आपला उजवा हात दिसायचा, आणि टेबलावर पाण्याने भरलेला कागदी कप. तो उचलून शेजारच्या टेबलावर ठेवायचा. सैल धरला तर सांडणार, आवळला तर चुरगळणार. मला ते सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं.

दादा कप उचलायचा आणि अर्ध्या वाटेत बोटं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. कप खाली.

"हात स्थिर ठेवा," बाई म्हणायच्या.

"ठेवलाय की!" दादा खेकसायचा.

एकदा पडद्याकडे पाहता पाहता मला हसू फुटलं. "दादा, अरे, तू कात्री चालवतोयस!"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे हात गेला, तरी खोड शिल्लक होती. कळलं म्हणून थांबते थोडीच? शेवटच्या परीक्षेतही पहिला कप सांडला. दादाने चष्मा काढायला हात वर नेला.

बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमची कात्री थांबते तरी कधी?"

दादाने चष्म्यावरचा हात खाली घेतला. "गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असतो तेव्हा. तेव्हा तोंडही बंद असतं."

"मग आता हातात वस्तरा आहे असं समजा."

कप उचलला गेला. बोटं मिटलेलीच राहिली. माझ्या तोंडून "शाब्बास!" निघालं, तर दादा ओठ न हलवता म्हणाला, "बोलू नका, गळ्यावर आहे." कप दुसऱ्या टेबलावर टेकला. मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

यंत्राचा हात आला तेव्हा दादाने आधी महिनाभर घरात खरे कागदी कप उचलले. मग आबांना सलूनच्या खुर्चीत बसवलं. कात्रीने दाढी उतरवली, फेस लावला. डाव्या हातात वस्तरा घेतला आणि नव्या हाताने आबांची हनुवटी धरली.

"गार आहे रे," आबा म्हणाले.

दादा बोलला नाही. कुणीच बोललं नाही. हनुवटीवरची बोटं जराही हलली नाहीत.

दाढी झाली. आबांनी थरथरत्या हाताने दोन्ही गाल चाचपले, मग गळा. उस्तादच तो, सोडतोय कसला!

"इथे राहिलीये," ते म्हणाले आणि आपणहून मान वर केली. "धर परत."