दिवस मावळताना अण्णांचा स्क्वीझ

मंगळवार पेठेतल्या शांतिनाथअण्णांना सरळ काय करायला सांगू नका. सरळ बोटानं तूप निघत असलं तरी हा माणूस आधी बोट वाकडं करणार. हुपरीच्या पैंजणांचा धंदा पोराकडं दिला आणि अण्णांनी ब्रिज धरला. आता ब्रिज आम्हीबी खेळतो की. पण अण्णांना त्यातलं एकच कौतुक, स्क्वीझ. म्हणजे आपले हुकमी पत्ते एकामागोमाग एक चालवत राहायचे. समोरच्याला दोन रंग राखायचे असतात आणि टाकायला तिसरा पत्ता उरत न्हाय. एक राखला की दुसरा जातो. जमला तर लई भारी डाव. अण्णा न जमणाऱ्या ठिकाणीबी करतात. जेवताना सुनेला वाट्या-चमचे मांडून समजावतात म्हणे, आणि आमटी गार होते.

जोडीदार त्यांची बायकोच, त्रिशलावहिनी. खरा खेळ वहिनींचा. क्लबच्या करंडकात दरवर्षी वहिनी कमवायच्या आणि अण्णा घालवायचे. औंदा वहिनींनी घरातच बजावलं होतं, की सरळ येणारा डाव परत घालवलात तर पुढच्या वर्षी मी दुसरा जोडीदार बघणार. अण्णा हसले म्हणे. हसायचं न्हवतं.

शेवटचा डाव आमच्याच टेबलावर आला. समोर मी आणि माझा जोडीदार रुद्रय्या. अण्णांची बोली तेरातल्या बारा हातांची, झाली तर करंडक त्यांचा. अकरा हात डोळे झाकून होते. बाराव्यासाठी वहिनींच्या उघड्या पत्त्यातला बदाम गुलाम लावायचा, रुद्रय्याकडची राणी आपोआप अडकते. पण ते तर कुणीबी करतंय!

बोलीवाल्याच्या जोडीदारानं करायचं तसं वहिनींनी आपले पत्ते उघडे मांडले होते, दोन्हीकडचे पत्ते अण्णाच खेळणार. आता त्यांना काम न्हवतं. हे जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि ऊन तर खिडकीवरनं उतरायला लागलेलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी व्हरांड्यात डबा उघडते. लवकर या."

अण्णांनी एक हात मुद्दाम आम्हाला सोडला. पुस्तकात तसंच हाय म्हणे, आधी द्यायचा, मग फास आवळायचा. मग चौकट चालवायला लागले, दर पत्त्याला विचार करत, एक डोळा रुद्रय्यावर आणि एक खिडकीवर. त्यांच्या मते इस्पिक आणि बदाम दोन्ही रुद्रय्यालाच राखायचे होते. रुद्रय्या तर आरामात इस्पिक टाकत होता, कारण इस्पिक मी धरून बसलोतो. नेमकं तेव्हा अण्णा सूर्य बघत होते.

दोन पत्ते राहिले. गुलाम लावला असता तर अजून डाव होता. अण्णांनी मिशीत हसून वहिनींच्या पत्त्यातला बदाम एक्का आपटला. राणी पडली न्हाय. शेवटचा हात तिनंच घेतला.

अण्णा तसेच उठून व्हरांड्यात पळाले, तर दिवस मावळलेला. वहिनी तोंड पुसत आत आल्या. टेबलावरचा हिशेब बघून त्यांचा चेहरा उतरला. "मला एकदा तरी तो करंडक पाहिजे होता हो," एवढंच बोलल्या आणि वळल्या. "रुद्रय्या, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर खेळणार?"

इतका वेळ मी पोट धरून हसत होतो. रुद्रय्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. "व्हय की," म्हणाला.

दारात अण्णा भरलेला डबा घेऊन उभे होते, आणि माझ्याकडं बघत होते.