देवाच्या आधी

वेलदोडा घातलेल्या पुरणाचा वास आला की मला जोतिबाचा डोंगर आठवतो. लग्नानंतरचा माझा पहिला श्रावण होता आणि सासू-सासऱ्यांबरोबर मी डोंगराच्या प्रदक्षिणेला गेले होते. वाट चिखलाची होती, धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता, नुसतं ‘चांगभलं’ ऐकू येत होतं. सासूबाईंच्या हातात पितळी डबा, त्यात देवासाठी पुरणपोळ्या. सासऱ्यांना साखरेचा आजार. सकाळी गोळी घेतलेली, पण पोटात काही नाही, कारण नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्यात कुणी खात नसे. अर्ध्या वाटेत ते मटकन खाली बसले. घामानं सदरा भिजला, हात थरथरायला लागले. मी ओरडले, “आत्ती, गोड द्या त्यास्नी, डबा उघडा की!” सासूबाईंचा हात झाकणावर गेला, तर सासरेच पुटपुटले, “देवाच्या आदी? न्हाय.” सासूबाईंनी वाटेवरच्या एका अनोळखी माणसाला डबा दिला. “पावणं, पळत जावा, देवाला दावून आना. मग ह्यास्नी घास देता यील.” तो खरंच पळाला. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं साखर मागत राहिले, पण सगळेच उपाशी निघालेले. तो माणूस गुलालानं माखून, धापा टाकत परत आला तेव्हा सासऱ्यांच्या तोंडावर टॉवेल टाकलेला होता. त्याला तो टॉवेल दिसलाच नाही. “दावला बगा नैवेद्य,” तो म्हणाला, “आता खाऊ द्या त्यास्नी.” आता आमच्या घरात पुरण शिजलं की पहिली पोळी सासूबाई तव्यावरून थेट माझ्या हातात देतात, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत देवघराकडं बघतही नाहीत.