छाती साफ आहे

१९३०च्या सुमारास महाल भागातल्या दत्तोपंत डॉक्टरांच्या बोटांची नागपुरात मोठी ख्याती होती. रोग्याच्या पाठीवर एक बोट टेकवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकायचं आणि ऐकायचं. आत हवा खेळत असेल तर आवाज घुमतो. पाणी साचलं असेल तर भरल्या माठावर ठोकल्यासारखा बद्द येतो. मग नळी लावून श्वास ऐकत. एवढ्यावर ते निदान सांगत आणि माणसं निर्धास्त घरी जात.

पाचपावलीचा विणकर जागेश्वर बायकोला घेऊन आला. जयवंता तिचं नाव; कडेवर तान्ही मुलगी. खोकला हटत नव्हता, संध्याकाळी अंग कसकसायचं. दत्तोपंतांनी सावकाश तपासलं.

"छाती साफ आहे. अशक्तपणा आहे फक्त."

"म्हंजे क्षय नाही नं जी?" जयवंतानं विचारलं. "लेकीले जवळ घेऊन निजू नं?"

"खुशाल निजा."

दिवाळीआधीच रक्त ओकून जयवंता गेली. पाठोपाठ मुलगीही. जागेश्वर दवाखान्यात आला, पण भांडला नाही. "तुमी त साफ हाय म्हनलं होतं," तो म्हणाला. "मंग आत काय होतं जी?"

त्यानंतर कुणाच्याही छातीला नळी लावली, की श्वासाच्या आवाजातून दत्तोपंतांना ऐकू येई, 'निजू नं?' ते नळी काढून कान चोळत बसत. जेवताना त्यांची बोटं पाटावर, भिंतीवर, स्वतःच्या छातीवर ठोकत राहत. त्यांची बायको प्रेमिला हात धरून थांबवी. थोड्या वेळानं बोटं पुन्हा चालू. रात्री झोपही लागत नसे.

शेवटी त्यांनी सीताबर्डीच्या बापूजी डॉक्टरांना गाठलं. "तेच रोगी तुम्ही तपासा, मीही तपासतो. एकमेकांना आधी काही सांगायचं नाही."

बापूजी हसत तयार झाले. पण पडताळा घेताना त्यांचं हसू गेलं. ज्या छातीत एकाला घरघर ऐकू आली, तिथे दुसऱ्याला काहीच नव्हतं. पुढे शहरात एक्स-रेचं यंत्र आल्यावर दोघांनी आपापली निदानं फोटोंशी ताडून पाहिली. साचलेलं पाणी बोटांनी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं होतं. आत खोल बसलेला क्षय मात्र कितीदा तरी निसटला होता. तिथे आवाज स्वच्छ घुमत होता.

"आजवर किती जणांना साफ म्हणालो असेन मी?" दत्तोपंतांनी विचारलं. बापूजींनी फोटो खाली ठेवला.

दत्तोपंतांनी 'साफ' हा शब्द सोडला. 'बोटांना काही लागत नाही, पण म्हणून आत काही नाही असं नव्हे,' असं ते सांगू लागले. लोकांना ते रुचलं नाही. ठामपणे बोलणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गर्दी वळली.

एक दिवस जागेश्वर बहिणीला घेऊन आला. तिलाही खोकला, तिचंही लेकरू अंगावर पीत होतं. दत्तोपंतांनी ठोकून पाहिलं. आवाज निर्मळ होता. "फोटो काढा," ते म्हणाले. "तोवर लेकराला आजीजवळ निजवा."

फोटोत डाग निघाला. बहीण क्षयाच्या इस्पितळात गेली आणि वर्षभरानं सावरून परतली. लेकराला काही झालं नाही. हे सांगायला जागेश्वर आला तेव्हा दवाखाना रिकामाच होता.

"आता तरी झोप लागते का जी तुमाले?"

"नाही."

"मलेबी नाही," म्हणत जागेश्वर बाकावर टेकला. दत्तोपंत उठून त्याच्या शेजारी येऊन बसले.