कोरड्या खाऊला भूत लागत नाही

सुंदराबाई गिरणीत कांडीखात्यात, सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होती आणि लालबागच्या आपल्या चाळीत तिचा शब्द मुकादमासारखा चालायचा. नवरा नाही, मूलबाळ नाही, म्हणून चाळीतल्या यच्चयावत पोरांवर आपलाच हक्क, असं तिने धरून ठेवलं होतं. कुणाचं नाक वाहतंय, कुणाचं पोट बिघडलंय, ही खबर आईच्या आधी हिला. बायका मागून कुरकुरत आणि तोंडावर "हो मावशी" म्हणत.

तिचं खरं भांडण होतं ते गावच्या प्रवासाशी. गणपतीच्या दिवसांत समुद्र खवळलेला, बोटी बंद. मग चाळ मिळून एक लॉरी ठरवायची आणि पनवेल, महाड करत दीड दिवस हाडं खिळखिळी करून घेत खेड गाठायची. निघायच्या आदल्या दिवशी घरोघरी कढया चढत. वडे, पुऱ्या, घारगे गरम गरमच पानात गुंडाळायचे. वर ताडपत्री, आत पस्तीस माणसं. दुसऱ्या दिवशी त्या पुड्यांना असा वास येई की कुत्र्यानेही विचार केला असता. पण टाकवत नाही म्हणून तेच पोरांच्या तोंडात कोंबायचं, आणि मग पोरं ओकायची.

चाळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या आनंदीबाईंकडे याचं उत्तर तयार होतं. तळणाच्या वासावर घाटातलं काहीबाही गाडीत चढतं. म्हणून प्रत्येक पुडीत एक कोळसा ठेवायचा. सुंदराबाई दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होती, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या वर्षी नळावर ती वैतागून म्हणाली, "अगो, प्रवासात तेलकट बाधतं पोरांना."

आनंदीबाईंनी लगेच मान डोलावली. म्हणाल्या, बाधा होते ना? मी वेगळं काय सांगते?

सुंदराबाईने तोंड उघडलं, आणि आजूबाजूच्या बायकांचे चेहरे बघून मिटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या ऐकत होत्या. देवाचं न ऐकणारी माणसं भुताचं ऐकतात, हे तिला तेव्हा कळलं. तिने वर आणखी जोड दिली, की कोळशाने काही होत नाही. कोरड्याला मात्र ते शिवत नाही.

झालं. त्या वर्षीपासून चाळीतल्या कढया प्रवासापुरत्या उतरल्या. गिरणीतल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवून सुंदराबाई त्यांत फुटाणे, कुरमुरे, खारीक, गूळ आणि नाचणीचे लाडू भरायची आणि प्रत्येक पोराच्या गळ्यात एकेक अडकवायची. पोरं खूश, कारण पिशवी ज्याची त्याची. ओकणंही जवळजवळ थांबलं. बाईला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि का वाटू नये? मलाही वाटलं असतं.

छप्पन्न सालच्या भादव्यात लॉरीच्या फळीवर पोरांनी खडूने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं होतं आणि आत पुरुषमंडळी द्विभाषिकाच्या नावाने बोटं मोडत होती. चाळीतल्या राधाचा नवरा गुणाजी सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात होता. घरचा गणपती चुकवायचा कसा, म्हणून राधा पाच वर्षांच्या लक्ष्मीला घेऊन एकटीच निघाली होती. ती बसली होती मागे, फळीला टेकून. सुंदराबाई पुढे, ड्रायव्हर जयवंतच्या पाठीशी.

नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा लक्ष्मीने हॉटेलातली भजी खाल्ली. कुणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे ती ओकू लागली, मग जुलाब सुरू झाले. महाडला गाडी उभी राहिली तेव्हा मागे कुजबुज ऐकून सुंदराबाई उठली. पोरीचे डोळे खोल गेले होते, ओठांची सालं निघाली होती. पाणी दे आधी, असं ती राधाला म्हणाली.

राधाने लोटा बाजूला सरकवला. "नाही मावशी. कोरडंच ठेवलंय तिला. तुम्हीच सांगितलंत ना, कोरड्याला ते शिवत नाही."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

दवाखाना समोरच होता. पण राधा उतरेना. म्हणाली, बाधेला सुई चालत नाही, सुईने पोर जागच्या जागी जातं. घाट ओलांडला की गावचा भगत आहे, तो उतरवेल. आनंदीबाईंनी तिला दुजोरा दिला. सुंदराबाई ओरडून सांगू लागली, की भूत वगैरे काही नाही, मी 'बाधतं' म्हणाले होते, बाधा नव्हे. तुम्ही ऐकलंत म्हणून मी गप्प बसले. कुणाचा विश्वास बसेना. इतकी वर्षं खोटं बोललीस तेव्हा खरं मानलं, आता खरं बोलतेस ते खोटं, असा तो न्याय. जयवंतने गाडी सुरू करायला हँडल हातात घेतलं.

तेव्हा सुंदराबाई राधाशेजारी फळीला टेकून बसली. जे मुंबईत कुणालाच ठाऊक नव्हतं ते तिने राधाच्या कानाशी सांगितलं. पण गाडीत सगळे गप्प झाले होते, म्हणून सगळ्यांनीच ऐकलं.

"मला मुलगा होता. वसंत. चार वर्षांचा. माझ्याच हातचे शिळे घारगे खाल्लेन. मी भगताकडे नेलं. भगत म्हणाला पाणी देऊ नको, तर नाही दिलं. दोन दिवस पाणी पाणी करत होता. मी त्याचे हात धरून बसले होते, राधे, लोट्याकडे जाऊ नये म्हणून."

राधा पोरीला उचलून खाली उतरली.

दवाखान्यात लक्ष्मी तीन दिवस होती. सलाईन लावलं, आणि वाचली. राधाच्या घरचा गणपती त्या वर्षी गावात शेजाऱ्यांनी बसवला.

मुंबईला परतल्यावर चाळीत सुंदराबाईचा शब्द उरला नाही. भूत नव्हतंच म्हटल्यावर, पुढच्या मे महिन्यात निम्म्या घरांत प्रवासासाठी पुन्हा कढया चढल्या. ती आता दारोदार जाऊन सांगे, शिळं तेल वाईट, पोट बिघडलं तर साखरमिठाचं पाणी द्या. कुणी ऐके, कुणी दार लोटून घेई. राधा तर ती समोर दिसली की पदर सावरून बाजूने निघून जाई.

गुणाजी सुटून आला तो पहिला सुंदराबाईच्या पाया पडायला आला. पोर वाचवलीत म्हणाला. मागे राधा उभी होती. तो वळून गेल्यावरही ती थांबली.

"तुमच्यामुळे पोरगी वाचली, ते मी विसरायची नाही," ती म्हणाली. "पण नागोठण्यापासून महाडपर्यंत ती पाणी मागत होती आणि मी दिलं नाही. ते तुमच्या शब्दावर. तेही मला विसरता येत नाही."

"नको विसरू," सुंदराबाई म्हणाली. "मलाही येत नाही."